अपपार्क : जळालेल्या घराचा जीर्णोद्धार



इंग्लंडच्या दक्षिणेस वेस्ट ससेक्स परगण्यात एका उंच टेकडीवर अपपार्क नावाचा लाल विटांचा वाडा आहे. तो १६९० च्या सुमारास बांधला गेला. १७४७ मध्ये सर मॅथ्यू फेदरस्टनहॉ यांनी तो विकत घेतला आणि इटलीच्या प्रवासात जमवलेल्या चित्रांनी सजवला. पुढच्या मालकांनी फारसे बदल केले नाहीत. त्यामुळे अठराव्या शतकातील घर कसे असे, हे तेथे पाहायला मिळे. प्रसिद्ध लेखक एच. जी. वेल्स यांची आई १८८० पासून काही वर्षे येथे घराची व्यवस्था पाहत असे. १९५४ मध्ये हा वाडा नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आला.

३० ऑगस्ट १९८९ रोजी छताची दुरुस्ती संपत आली असताना, शिशाचे पत्रे जोडण्याच्या ज्योतीमुळे आग लागली. छत आणि वरचा मजला जळून गेला. परंतु अग्निशामक जवान, कर्मचारी आणि घरची मंडळी यांनी तळमजल्यावरील बहुतेक चित्रे व सामान बाहेर काढले.

आता प्रश्न उभा राहिला : भिंती पाडाव्यात, की वाडा पुन्हा बांधावा? नवे बांधकाम म्हणजे केवळ नक्कल, असे काहींचे मत होते. पण भिंती उभ्या होत्या आणि सामानही वाचले होते. म्हणून आगीच्या आदल्या दिवशी वाडा जसा होता, तसाच करावा असे ठरले.

त्यासाठी राखेचा ढिगारा चाळून नक्षीचे तुकडे, कड्या, बिजागऱ्या वेचल्या गेल्या. जुनी छायाचित्रे फार उपयोगी पडली. चुन्याच्या गिलाव्यात हाताने नक्षी घडवण्याची कला जवळजवळ विसरली गेली होती. कारागीर ती नव्याने शिकले. १९९५ मध्ये वाडा लोकांसाठी पुन्हा उघडला. म्हणजे वाड्याबरोबर एका कलेचाही जीर्णोद्धार झाला.

आपल्या इंदूरचा राजवाडाही १९८४ च्या दंगलीत जळाला होता. त्याचे खालचे तीन मजले दगडाचे व वरचे चार लाकडाचे. लाकूड आगीत टिकत नाही, आणि नोंद नसेल तर पुन्हा घडवणेही कठीण होते. जीर्णोद्धाराची तयारी वास्तू धडधाकट असतानाच करावी लागते, ती अशी.

स्वाध्याय
१. अपपार्क पुन्हा बांधणे योग्य होते का? दोन्ही बाजू लिहा.
२. आपल्या मोहल्ल्यातील एखादे जुने घर निवडा. दार, खांब, जिना यांची मापे घ्या, चित्रे काढा आणि घरातील वडीलधाऱ्यांकडून माहिती विचारून वहीत तारखेसह लिहून ठेवा.