टॅली हो : एक जुनी होडी आणि तिला उभी करणारा कारागीर

आज आपण एका शिडाच्या होडीची माहिती घेणार आहोत. होडी इंग्लंडची, दुरुस्त झाली अमेरिकेत, आणि दुरुस्त करणारा कारागीर पुन्हा इंग्लंडचाच. त्यामुळे पाठ वाचताना जगाचा नकाशा जवळ ठेवा.

होडीचं नाव 'टॅली हो'. लांबी साधारण साडेसत्तेचाळीस फूट. आपल्या दोन वर्गखोल्या एकामागे एक ठेवल्या तर जेवढी लांबी होईल, तेवढी समजा. तिचा आराखडा काढला आल्बर्ट स्ट्रेंज या माणसाने. मला हा माणूस विशेष आवडतो, कारण तो शिक्षक होता! इंग्लंडमधल्या स्कारबरो गावच्या चित्रकला शाळेचा तो मुख्याध्यापक. चित्रं काढायची, शाळा चालवायची आणि उरलेल्या वेळात होड्यांचे आराखडे करायचे, असा त्याचा दिनक्रम. 1910 साली शोरहॅम या बंदरातल्या स्टो अँड सन यांच्या कारखान्यात ही होडी बांधून झाली. तेव्हा तिचं नाव होतं 'बेटी'. पुढे मालक बदलत गेले तशी नावंही बदलली.

1927 साली ती टॅली हो या नावाने फास्टनेटच्या शर्यतीत उतरली. तेव्हा ही शर्यत म्हणजे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरून निघायचं, आयर्लंडजवळच्या फास्टनेट नावाच्या खडकाला वळसा घालायचा आणि परत प्लिमथला यायचं. अंतर तेव्हा सुमारे सहाशे सागरी मैल होतं. एक सागरी मैल म्हणजे 1852 मीटर, तेव्हा किलोमीटर किती ते वहीत करून बघा. त्या वर्षी भयंकर वादळ झालं. डझनापेक्षा जास्त होड्या निघाल्या होत्या, पण शर्यत पूर्ण केली फक्त दोघींनी. 'ला गोलेटा' नावाची मोठी होडी आधी पोचली आणि तासाभराच्या आत मागोमाग टॅली हो. पण लहान-मोठ्या होड्यांना आकारानुसार वेळेची सवलत असते. ती सवलत धरली तेव्हा टॅली हो जिंकली.

करंडक कोणाला मिळाला? मालकाला. लॉर्ड स्टॅलब्रिज हे त्याचं नाव आजही पुस्तकात सापडतं. आराखडा करणाऱ्या स्ट्रेंजचं नाव सापडतं. कारखान्याचं नावही सापडतं. पण ज्यांनी तिच्या फळ्या तासल्या, खिळे ठोकले, फटी बुजवल्या, त्या सुतारांची नावं विचारली तर आपल्याला गप्प बसावं लागतं. वादळात होडी फुटली नाही यात त्यांचा वाटा काही कमी होता का?

पुढची गोष्ट दुःखाची आहे. टॅली हो फिरत फिरत पॅसिफिक महासागरात गेली. साठच्या दशकात कुक बेटांपैकी मानिहिकी या बेटाच्या प्रवाळ खडकावर ती आदळली. तिथून लोकांनी तिला कशीबशी सोडवली. मग ती मासेमारीची होडी झाली. शर्यत जिंकलेल्या होडीत मासे भरले गेले! (यात कमीपणा काही नाही. उलट त्या कामामुळेच ती इतकी वर्षं टिकली असावी, असं माझं मत.) शेवटी अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात ब्रुकिंग्ज नावाच्या बंदरात तिला पाण्याबाहेर काढून ठेवलं, आणि ती तिथेच पडून राहिली.

इथे एक विज्ञानाची गंमत लक्षात घ्या. आपल्याला वाटतं की समुद्राच्या पाण्याने लाकूड कुजतं. पण लाकडी होडीचा खरा शत्रू पावसाचं गोडं पाणी. खाऱ्या पाण्यात कुजवणारी बुरशी सहसा वाढत नाही. डेकच्या फटीतून पावसाचं पाणी आत झिरपलं आणि साठून राहिलं की लाकूड आतून पोकळ होतं. शिवाय होडी जमिनीवर वर्षानुवर्षं टेकलेली राहिली की तिची दोन्ही टोकं खाली झुकतात आणि कणा मधोमध वर येतो. म्हाताऱ्या माणसाची पाठ वाकते ना, तसंच. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, रंग दिला की झालं. जाणकाराला कळतं की आत काहीच राहिलेलं नाही.

टॅली हो आता मोडीतच जाणार अशी वेळ आली. तेव्हा आल्बर्ट स्ट्रेंजच्या नावाने चालणारी एक संस्था पुढे आली. त्याने आराखडा केलेल्या जुन्या होड्या जपणं हे तिचं काम. संस्थेकडे होडी दुरुस्त करण्याइतका पैसा नव्हता, म्हणून ती योग्य माणसाच्या शोधात होती. 2017 साली तो माणूस मिळाला. लिओ गुल्डन, इंग्लंडचा एक तरुण होडी-कारागीर. संस्थेने त्याला होडी दिली नाममात्र एका पौंडाला.

मुलांनो, हा एक पौंड नीट समजून घ्या, कारण माझ्या मते या पाठाचा गाभा इथेच आहे. आपण 'कारागिराचा सन्मान' म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? शाल, श्रीफळ, हार आणि तासभर भाषणं. पण जुन्या होड्यांच्या जगात माणसाची खरी किंमत वेगळ्या रीतीने ठरते. तुमच्या हातात ते काय सोपवतात, यावरून. लिओने त्याआधी 'लोरेमा' नावाची एक छोटी लाकडी होडी स्वतः दुरुस्त केली होती आणि तीच घेऊन अटलांटिक महासागर पार केला होता. स्वतः दुरुस्त केलेल्या होडीत स्वतःचा जीव ठेवणं, यापेक्षा मोठं प्रमाणपत्र कुठलं? त्या जोरावर, एक फळी बदलायच्या आधीच, शंभर वर्षांची नामवंत होडी त्याच्या ताब्यात आली. एक पौंड ही किंमत नव्हती, विश्वास होता.

लिओने होडी ट्रकवर चढवून वॉशिंग्टन राज्यातल्या सिक्विम गावी नेली. काम दोन-तीन वर्षांत संपेल असं वाटत होतं. लागली सात वर्षं!

एवढा वेळ का लागला? कारण कुजलेलं लाकूड उघडत गेलं तसं आणखी कुजलेलं सापडत गेलं. घराची एक भिंत पाडायला घ्यावी आणि वासाही गेलेला निघावा, तसं. होडीचा कणा नवा करावा लागला. त्यासाठी पर्पलहार्ट नावाचं दक्षिण अमेरिकेतलं जांभळट, अतिशय कठीण लाकूड वापरलं. होडीला आपल्या छातीसारख्या बरगड्या असतात. त्या केल्या लाइव्ह ओक या झाडाच्या लाकडातून, आणि ते आणलं अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या जॉर्जिया राज्यातून. हेच लाकूड का? कारण लाइव्ह ओकच्या फांद्या निसर्गतःच वाकड्या वाढतात. होडीची बरगडीही वाकडी. सरळ लाकूड कापून वाकडा आकार काढला तर लाकडाचे तंतू मध्येच तुटतात आणि ती बरगडी कमजोर होते. फांदीच वाकडी असेल तर तंतू आकाराबरोबर वळत जातात. आपल्याकडे नांगरासाठी बाकदार लाकूड शोधत रानात फिरणारा सुतार हेच करायचा. त्याला हे कुठल्या पुस्तकातून कळलेलं नव्हतं.

बरगड्यांवर फळ्या बसवल्या की दोन फळ्यांमध्ये बारीक फट राहते. त्या फटीत कापसाचा पीळ ठेवून बोथट छिन्नी आणि लाकडी हातोडीने तो ठोकत न्यायचा, वरून लांबी भरायची. पीळ सैल राहिला तर पाणी आत. जास्त घट्ट ठोकला तर पाण्यात गेल्यावर लाकूड फुगतं आणि फळी ताणली जाते. नेमकं किती ठोकायचं? हे हातोडीच्या आवाजावरून कळतं, असं जुने कारागीर सांगतात. आता सांगा, या आवाजाची परीक्षा कुठल्या प्रश्नपत्रिकेत घेणार? मी स्वतः डी.एड. आहे. पाठ टाचण कसं काढायचं ते मला शिकवलं, पण कान कसा तयार करायचा ते नाही.

लिओ हे सगळं काम चित्रित करून 'सॅम्पसन बोट कंपनी' या नावाने यूट्यूबवर टाकत होता. बघणाऱ्यांनी जमेल तसे पैसे पाठवले आणि त्यावर काम पुढे सरकलं. पण मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळं. चुकलेलं कामही तो दाखवायचा. आपल्याकडे वही दाखवताना मुलं खोडलेलं पान चटकन उलटतात. (शिक्षकही तपासणीच्या दिवशी तेच करतात, खरं सांगायचं तर.) चूक दिसली, ती कशी सुधारली तेही दिसलं, म्हणून बघणाऱ्या जाणकारांचा विश्वास वाढत गेला. देशोदेशीचे कारागीर आणि शिकाऊ मुलं-मुली आपलं घर सोडून महिनोन्‌महिने तिथे कामाला येऊन राहिली. ज्याला होडीतलं कळतं असा माणूस तुमच्या शेजारी उभा राहून रंधा मारायला तयार होतो, ही मला दुसरी पावती वाटते. आणि सोबत काम करणाऱ्यांचे चेहरे, नावं, त्यांनी काय केलं हे सगळं चित्रणात दिसतं. 1910 च्या सुतारांच्या वाट्याला हे आलं नव्हतं.

तरी एक शंका मनात येतेच. कॅमेऱ्यासमोर जो असतो त्याचं नाव सर्वांना पाठ होतं. बोलायला लाजणारा, चित्रण न जमणारा, पण हाताने तितकाच तरबेज कारागीर असेल तर? त्याची होडी कुजूनच जाणार का? याचं उत्तर माझ्याकडे तयार नाही.

एप्रिल 2024 मध्ये, वयाच्या 114 व्या वर्षी, टॅली हो पोर्ट टाउनसेंड या गावी पुन्हा पाण्यात उतरली. हे गाव लाकडी होड्यांचं माहेरघर. 1977 पासून तिथे लाकडी होड्यांचा उत्सव भरतो. होडी उतरताना बघायला किनाऱ्यावर मोठी गर्दी जमली होती.

हा पाठ वर्गात सांगितला तेव्हा पाचवीतल्या एका मुलाने हात वर केला. "गुरुजी, कणा नवा, बरगड्या नव्या, मग ती तीच होडी कशी?" प्रश्न अगदी बरोबर. प्राचीन ग्रीसमध्येही थिसियसच्या जहाजाबद्दल हाच प्रश्न विचारत. वर्गात दोन तट पडले. एक मुलगी म्हणाली, "आमच्या बैलगाडीची चाकं बदलली, जू बदललं, साटा बदलला. तरी आम्ही तिला आजोबांची गाडीच म्हणतो." दुसरा म्हणाला, "मग नवीन होडीच बांधायची होती, स्वस्त पडली असती!" जुन्या होड्यांच्या लोकांचं म्हणणं साधारण त्या मुलीसारखं आहे. सगळं लाकूड एकदम बदलत नाही, जुना भाग बघून नवा भाग घडतो. म्हणजे 1910 च्या सुताराने केलेला आकार 2024 च्या सुताराच्या हातात उतरतो. मी कोणालाच चूक-बरोबर दिलं नाही.

मग एक उपक्रम दिला. आपल्या गावात मोडलेली वस्तू पुन्हा चालू करणारा एक माणूस शोधायचा, तो काय काम करतो ते बघायचं आणि दहा ओळी लिहून आणायच्या. वह्या आल्या. सायकलवाले काका, गिरणीवाले मामा, छत्रीवाले बाबा, शिलाईवाली मावशी. काम सगळ्यांनी छान लिहिलं होतं. पंक्चर कसं काढतात, गिरणीच्या जात्याला टाकी कशी लावतात, अगदी बारकाईने. पण सव्वीस वह्यांपैकी एकोणीस वह्यांत त्या माणसाचं नावच नव्हतं. 'सायकलवाले काका' हेच नाव. छत्रीवाल्या बाबांचं नाव मलाही ठाऊक नव्हतं, आणि माझी छत्री तीन पावसाळे त्यांच्याकडेच जाते.

वह्या परत दिल्या. मुलं संध्याकाळी पुन्हा विचारायला गेली.