प्रौढांच्या पहिल्या इंग्रजी पुस्तिकेविषयी

प्रश्न : घाटंजी तालुक्यातील आमच्या गावी, मराठी लिहिता-वाचता येणाऱ्या शेतकरी स्त्री-पुरुषांसाठी रात्रीचा इंग्रजी वर्ग काढावयाचा आहे. मुलांची पहिलीची पुस्तके चालतील काय?

उत्तर : चालणार नाहीत. ज्याने आयुष्यभर कपाशी पिकविली, कर्जे फेडली आणि फेरफाराच्या नोंदीसाठी तहसील कचेरीचे उंबरठे झिजविले, त्याच्यापुढे सफरचंदाचे चित्र ठेवणे हा त्याच्या प्रौढत्वाचा अवमान होय. २०१७ साली आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले. त्या अनर्थाची कारणे केवळ निरक्षरतेत नव्हती हे खरे, तथापि पहिला पाठ औषधाच्या डब्यावरील मजकुराचाच असावा, असा माझा आग्रह आहे. त्यावरील चौकोनाच्या खालच्या अर्ध्या भागातील लाल, पिवळा, निळा व हिरवा हे रंग उतरत्या क्रमाने विषाची तीव्रता दर्शवितात; वरच्या अर्ध्यात पहिल्या दोहोंसाठी ‘पॉयझन’, तिसऱ्यासाठी ‘डेंजर’ आणि चौथ्यासाठी ‘कॉशन’ असे मोठ्या लिपीत छापलेले असते. म्हणून मोठी लिपी आधी शिकवावी, लहान मागाहून. रिकामे डबे मात्र वर्गात आणू नयेत. मजकुराच्या ठळक नकला काढाव्यात. देवनागरी उच्चार पानामागे द्यावेत, शेजारी दिल्यास नजर तेथेच खिळते.

लेखनात आधी स्वतःचे नाव, गाव, तालुका. मग फवारणीची नोंदवही : तारीख, औषध, प्रमाण. १९८८ च्या राष्ट्रीय साक्षरता अभियानाच्या त्रिभागी प्रवेशिकांत वाचन, लेखन व गणित एकत्र गुंफलेले असे. तीच घडण येथे स्वीकारावी.