सेब्राइट कोंबड्यांची किनार व नराची निवड

सेब्राइट ही बँटम, म्हणजे ठेंगण्या कोंबड्यांतील एक शोभेची जात होय. इंग्लंडमधील सर जॉन सेब्राइट यांनी ती १९ व्या शतकाच्या आरंभी तयार केली. नराचे वजन जेमतेम ६०० ग्रॅम भरते. तेव्हा तिचे मोल मांसात नसून पिसांत आहे. प्रत्येक चंदेरी वा सोनेरी पिसाभोवती, लुगड्याच्या काठासारखी, काळी किनार फिरलेली असते.

किनार पारखण्यास पक्षी दुरून पाहून भागत नाही. छातीचे, पाठीचे व पंखाचे एकेक पीस कागदावर ठेवून पाहावे. किनार सर्व बाजूंनी सारख्या रुंदीची व मधला रंग निर्मळ असावा. टोकाशी काळी चंद्रकोर दाटलेली असल्यास किंवा मध्ये काजळीचे शिंतोडे दिसल्यास ते पीस सदोष समजावे. पिल्लांच्या पहिल्या पिसांवरून निवाडा करू नये. पूर्ण पिसारा येईपर्यंत थांबावे. जाड किनारीच्या नरास बारीक परंतु स्वच्छ किनारीची मादी द्यावी. एकच दोष असलेली जोडी लावू नये.

सोनेरी नर व चंदेरी मादी यांच्यापासून माद्या सोनेरी व नर चंदेरी निपजतात. हे नर दिसण्यात चंदेरी असले तरी सोनेरी रंगाचे बीज वाहतात. चंदेरी कळपात मिसळल्यास त्यांच्या काही मुली सोनेरी निघतात.

परंतु खरी अडचण पिसांची नव्हे, पिल्लांची आहे. या जातीच्या नरास मानेवर टोकदार व शेपटीत विळ्यासारखी वाकलेली पिसे येत नाहीत. त्याचा पिसारा मादीसारखाच असतो. त्याच्या कातडीत नर-संप्रेरकाचे मादी-संप्रेरकात रूपांतर होते, म्हणून असे घडते. असे नर पुष्कळदा फलनास कमकुवत ठरतात. त्यातच सुंदर किनारीच्या मोहाने एकाच रक्तातील जोड्या पिढ्यानपिढ्या लावल्या, की खुराडे देखण्या पक्ष्यांनी भरते आणि रवणीखालची अंडी मात्र वाया जातात.

यास्तव प्रत्येक नर दोन-तीन माद्यांसह वेगळा ठेवावा व अंड्यांवर खुराड्याचा क्रमांक शिसपेन्सिलीने लिहावा. सेब्राइट मादी क्वचितच खुडूक होते. तिची अंडी गावठी खुडूक कोंबडीखाली ठेवावीत. सातव्या दिवशी रात्री अंडे दिव्यापुढे धरावे. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रक्तवाहिन्या दिसल्यास ते फलित. स्वच्छ दिसल्यास निर्बीज. ज्या खुराड्यातील सर्व माद्यांची बहुतेक अंडी निर्बीज निघतात, तेथील नर, त्याची किनार कितीही रेखीव असली तरी, पैदाशीतून काढावा. काही अनुभवी पाळणारे शेपटीत थोडी लांब पिसे असलेला नर मुद्दाम राखतात. प्रदर्शनात तो मागे पडतो, पण त्याच्या अंड्यांतून पिल्ले निघतात.