न्यायाधीशांची नेमणूक आणि अत्याचारपीडितेचे हक्क

लैंगिक अत्याचारास बळी पडलेल्या स्त्रीला कायद्याने काही हक्क दिले आहेत. तिची ओळख गुप्त राहावी, सुनावणी बंद दालनात व्हावी, तिच्या चारित्र्याची उलटतपासणी होऊ नये, हे त्यांपैकी प्रमुख होत. हे हक्क प्रत्यक्षात तिच्या पदरी पडणे मात्र न्यायासनावर बसणाऱ्या व्यक्तीच्या दृष्टीवर बरेचसे अवलंबून असते. म्हणूनच न्यायाधीशांच्या नेमणुकीचा प्रश्न वकीलवर्गापुरता मर्यादित राहत नाही.

महाराष्ट्रातील दोन प्रकरणे या संदर्भात उद्‌बोधक आहेत. १९७२ साली तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार केल्याचा आरोप दोन पोलिसांवर झाला. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये त्यांना निर्दोष सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये, भीतीपोटी निमूट राहणे म्हणजे संमती नव्हे, असे मानून त्यांना दोषी ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये, अंगावर जखमा नसल्याच्या मुद्द्यास महत्त्व देऊन, ती शिक्षा रद्द केली. पुरावा तोच, परंतु तो पाहण्याची दृष्टी निरनिराळी होती. पुढे चार विधिज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, महिला संघटनांनी आवाज उठविला आणि १९८३ मध्ये कायद्यात सुधारणा झाली. कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात, संमती नव्हती असे स्त्रीने सांगितल्यास न्यायालयाने तसे गृहीत धरावे, अशी तरतूद करण्यात आली.

दुसरे प्रकरण जानेवारी २०२१ मधील. बालिकेला कपड्यांवरून केलेला स्पर्श 'पोक्सो' कायद्याखालील लैंगिक हल्ला ठरत नाही, असा निर्णय नागपूर खंडपीठाच्या अतिरिक्त न्यायाधीश पुष्पा गनेडीवाला यांनी दिला. त्यानंतर त्यांना कायम करण्याची शिफारस न्यायवृंदाने मागे घेतली. त्यांना एक वर्षाची मुदतवाढ मिळाली व फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १८ नोव्हेंबर २०२१ रोजी रद्द केला. न्यायासनावर स्त्री आहे एवढ्याने भागत नाही, हा यातील एक बोध. एखाद्या निकालावरून न्यायाधीशाचे भवितव्य ठरू लागल्यास न्यायदानाच्या निर्भयतेस बाधा येऊ शकते, हा दुसरा. चुकीचा निकाल दुरुस्त करण्याचा राजमार्ग अपील हाच होय. योग्य दृष्टीची पारख मात्र नेमणुकीपूर्वी व्हावयास हवी.

बलात्काराचे खटले सत्र न्यायालयात चालतात. तेथील जिल्हा न्यायाधीशांची नेमणूक संविधानाच्या अनुच्छेद २३३ अन्वये राज्यपाल उच्च न्यायालयाशी विचारविनिमय करून करतात. सामान्य पीडितेच्या दृष्टीने हीच नेमणूक सर्वांत निकटची. पोक्सो खटल्यात बालकाची साक्ष तीस दिवसांत नोंदवावी व खटला शक्यतो वर्षभरात संपवावा, असे कायदा सांगतो. न्यायाधीशाचे पद रिक्त राहिले, तर ही मुदत कागदावरच राहते.

आरोपी सुटल्यास पीडितेला स्वतः अपील करण्याचा हक्क २००९ च्या अखेरीपासून आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील अपिलांसाठी पूर्वी मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचचे काम सुरू झाल्याने ती अडचण दूर झाली आहे.

न्यायाधीश नेमणे आपल्या हाती नाही, हे खरे. तथापि बालकावरील अत्याचाराची माहिती पोलिसांना विनाविलंब देणे, हे कायद्यानेच प्रत्येकावर सोपविलेले कर्तव्य आहे. पीडितेचे नाव गावात चर्चेस येऊ न देणे आणि तिला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे नेणे, हेही आपल्या हाती आहे. तेथे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न न पाहता, मोफत वकील मिळतो. शिक्षक, ग्रामसेवक व पंचायत सदस्यांनी एवढे केले, तर पीडिता न्यायासनापर्यंत खचून न जाता पोहोचेल.