पितळी पत्र्यातून आगगाडीचे इंजिन : माप, क्रम आणि मजुरीचा हिशेब

पितळेच्या सपाट पत्र्यातून वाफेच्या इंजिनाची लहान प्रतिकृती तयार करणे हा इंग्लंड-युरोपात अनेकांचा छंद आहे, आणि जिथे छंद असतो तिथे धंदाही असतो. सुट्या भागांचे पत्रे तयार करून विकणारे वेगळे, ते जोडून देणारे वेगळे आणि रंगवून देणारे आणखी वेगळे. ही प्रतिकृती दिसायला वाफेच्या इंजिनासारखी असली तरी आत लहान विजेची मोटर असते. रुळातून येणाऱ्या १२ व्होल्टच्या विजेवर ती धावते.

आपल्या भागातील कारागिरांनी हे काम समजून घ्यावे, याला कारण आहे. चिंचणी, तारापूर, वरोर, वाढवण या किनारपट्टीच्या गावांत दागिन्यांचे ठसे, म्हणजे डाय, बनवण्याचा घरगुती उद्योग आहे. पोलादावर केसाएवढी रेघ उतरवणाऱ्या हाताला पितळेचा पातळ पत्रा परका नाही. कल्हईवाले, तांबट, सोनार यांनाही यातील निम्मे काम आधीच येते. मात्र हात कसबी असूनही मजुरी नगावर ठरते आणि नगाचा भाव गिऱ्हाईक ठरवतो, हे आपले जुने दुखणे आहे. आता संगणकावर चालणारी यंत्रेही ठसे कोरू लागली आहेत. अशा वेळी हाताच्या कामाची किंमत कशात असते, हे इंजिनाच्या या कामातून चांगले शिकता येते.

आपल्या मुलखातील इंजिने

माहीमचा माणूस पालघर स्टेशनावरून ज्या मार्गाने मुंबईस जातो, तो लोहमार्ग बी. बी. अँड सी. आय. कंपनीने १८६४ साली मुंबईपर्यंत आणला. याच कंपनीच्या कारभारातील अजमेरच्या कारखान्यात १८९५ साली एफ-७३४ हे इंजिन तयार झाले. हिंदुस्थानात बांधले गेलेले पहिले इंजिन म्हणून ते ओळखले जाते आणि आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. भारतीय रेल्वेच्या ब्रॉडगेजवरील वाफेच्या इंजिनांची नियमित सेवा डिसेंबर १९९५ मध्ये संपली.

दुसरे उदाहरण तर आपल्याच एका व्यापारी घराण्याचे आहे. मुंबईचे दाऊदी बोहरा व्यापारी सर आदमजी पीरभॉय हे लष्कराला तंबू पुरवणारे कंत्राटदार आणि गिरणीमालक होते. त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी १९०४ ते १९०७ या काळात नेरळ-माथेरान रेल्वे बांधली. खर्च सुमारे १६ लाख रुपये आला आणि तो पीरभॉय कुटुंबाने केला. रुळांमधील अंतर फक्त दोन फूट, चढ काही ठिकाणी विसास एक आणि वळणे अतिशय तीव्र. तेव्हा जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कॉपेल कंपनीकडून चार खास इंजिने आणली. त्यांच्या पुढच्या व मागच्या चाकांची जोडी पोकळ नळीवर बसवलेली असे. आतला आस सरळ राही आणि नळी वळणाप्रमाणे थोडी फिरे. ज्याला नमुना निवडायचा आहे त्याच्यासमोर हे इंजिन इतिहास आणि कसब दोन्ही ठेवते. पण ही घडण अवघड आहे. नवशिक्याने आधी चार किंवा सहा चाकांचे साधे टाकीवाले इंजिन जोडावे.

मराठी माणसाने हा छंद किती पुढे नेला हे पाहायचे असेल तर पुण्यात कर्वे रस्त्यावरचे जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय पाहावे. भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभर जमवलेल्या व घडवलेल्या कामातून ते १९९८ साली लोकांसाठी खुले झाले.

पत्रा कसा तयार होतो?

कापडावर स्क्रीन प्रिंटिंग करणाऱ्याला ही रीत लगेच समजेल. जाळीवर रसायन लावून, फिल्म ठेवून, उजेड दिला की जिथे उजेड लागला तिथे थर घट्ट होतो आणि बाकीचा धुऊन जातो. इथे जाळीऐवजी पितळेचा पत्रा असतो. जाडी साधारण ०.२५ ते ०.५ मिलिमीटर. पत्र्याच्या दोन्ही बाजूंना रसायनाचा थर देतात आणि दोन्ही बाजूंना वेगवेगळी फिल्म लावतात. नंतर फेरिक क्लोराईडचा फवारा मारला की उघडे पितळ खाल्ले जाते.

खरी खुबी पुढे आहे. दोन्ही बाजूंनी उघडी राहिलेली जागा आरपार कापली जाते. एकाच बाजूने उघडी राहिलेली जागा निम्म्या जाडीपर्यंतच खोल होते. या अर्ध्या खोलीतून दुमडण्याच्या रेषा, फळ्यांच्या खाचा आणि रिव्हेटच्या जागा मिळतात. सारे भाग बारीक दांड्यांनी एकाच चौकटीत धरलेले असतात, जणू एकाच तागावर आखलेले सगळे तुकडे.

रसायनाचे उरलेले पाणी तांबेमिश्रित व घातक असते. ते गटारात सोडणे गुन्हा आहे आणि शेजाऱ्याचा हक्क मारणेही आहे. तारापूर औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याचे प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेले, हे सर्वांना ठाऊक आहे. म्हणून घरी पत्रा कोरण्याच्या भरीस न पडता ते काम परवाना असलेल्या कारखान्याकडून करून घ्यावे आणि आपण जोडणी करावी.

जोडणीचा क्रम

१) आधी नकाशा वाचावा. प्रत्येक भागाला क्रमांक असतो. भाग मोजून यादीशी ताडावेत. लागेल तोच भाग चौकटीतून सोडवावा. सगळे एकदम कापून ठेवले की सारखे दिसणारे डावे-उजवे भाग मिसळतात.

२) कडा साफ कराव्यात. रसायन दोन्ही बाजूंनी खात आल्यामुळे कडेच्या मध्यावर बारीक धार उरते. ती कानशीने काढल्याशिवाय दोन भाग घट्ट बसत नाहीत.

३) रिव्हेट दुमडण्याआधी उठवावेत. मागच्या बाजूच्या खळग्यात बोथट टोक ठेवून हलका ठोका दिला की पुढे दाणा उठतो. ठोका सर्वत्र सारखा हवा. पत्रा एकदा दुमडला की आत हत्यार पोचत नाही.

४) दुमडताना खाच आतल्या बाजूस ठेवावी. खाचेपाशी निम्मेच धातू उरलेले असते. म्हणून गुण्या लावून काटकोन तपासावा आणि मग आतून झाळ भरून कोपरा पक्का करावा. एकच रेषा पुन्हा पुन्हा उघड-मीट केली तर पत्रा तुटतो.

५) सांगाडा सर्वांत महत्त्वाचा. दोन बाजूच्या पट्ट्या आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे मिळून इंजिनाचा सांगाडा होतो. तो चौकोनी नसेल तर वरचे काम कितीही सुंदर असो, इंजिन रुळावर डुलते. सांगाडा काचेच्या सपाट तुकड्यावर ठेवून चारही बाजूंनी पाहावा.

६) चाके जोडणारे दांडे हेच माप मानावे. दांड्यांच्या भोकांमधील अंतर आणि आसांमधील अंतर तंतोतंत एक असले पाहिजे, नाही तर चाके अडतात. म्हणून जाणते कारागीर आसांच्या जागी टोकाकडे निमुळत्या होणाऱ्या लांब सळया घालतात, त्यांच्या टोकांवर दांडे बसवतात आणि मगच आसांचे बुश झाळतात. पट्टीने घेतलेल्या मापापेक्षा ही रीत अधिक भरवशाची.

७) डाव्या-उजव्या चाकांत पाव फेरा अंतर ठेवावे. एका बाजूची खुंटी वर असताना दुसऱ्या बाजूची आडवी हवी. खऱ्या इंजिनात यामागे कारण असे की एका बाजूचा दट्ट्या टोकाला पोचून जोर हरवतो तेव्हा दुसरी बाजू पूर्ण जोरात ओढत असते. प्रतिकृतीत हा कोन एखाद-दुसऱ्या अंशाने चुकला तरी चालेल, पण सर्व आसांवर तो एकसारखा हवा.

८) सांगाडा चालवून मगच वरचे काम हाती घ्यावे. मोटर बसवण्याआधी बोटाने ढकलून पाहावे. काचेवर न अडखळता घरंगळला तरच मोटर लावावी. मोटरचा जोर लावून अडखळणे दाबणे म्हणजे रोग झाकणे होय.

झाळणीचे शास्त्र

कथील-शिशाचा नेहमीचा झाळ सुमारे १८५ ते १९० अंशांवर वितळतो. काही मिश्रणे १४५ अंशांवर, तर बिस्मथ घातलेली काही ७० अंशांवर वितळतात. आधी जास्त उष्णतेचा झाळ वापरावा आणि पुढच्या कामाला कमी उष्णतेचा, म्हणजे आधीचे सांधे सुटत नाहीत. सोनार पक्का व कच्चा झाळ ज्या हिशेबाने वापरतो तोच हा हिशेब. धुराडे, घुमट असे काही भाग शिसे-कथलाच्या ओतकामाचे येतात. त्यांना ७० अंशांचाच झाळ लावावा, एरवी भागच वितळून जाईल.

कल्हईवाला नवसागर टाकतो, तसे इथे सौम्य फॉस्फोरिक आम्लाचे फ्लक्स लावतात. पितळ स्वच्छ असेल तर झाळ आपोआप सांध्यात शिरतो, मळकट असेल तर गोळा होऊन बसतो. दिवसाचे काम संपताच सोड्याच्या पाण्याने व साबणाने धुवावे, नाही तर सकाळी हिरवा गंज दिसतो. खिडकी उघडी ठेवावी, मुलांना दूर ठेवावे आणि जेवणाआधी हात नीट धुवावेत. शिसे शरीरात साठते.

मापाची गोष्ट

युरोपात एक लोकप्रिय प्रमाण म्हणजे एका फुटाला सात मिलिमीटर. या प्रमाणात माथेरानचा दोन फुटी मार्ग १४ मिलिमीटर होतो. आपला साडेपाच फुटी ब्रॉडगेज ३८.५ मिलिमीटर होतो, तर इंग्लंडचा मार्ग सुमारे ३३. तिकडे विकला जाणारा बहुतेक रूळ ३२ मिलिमीटरचा असतो. म्हणजे तिकडचा संच आणून त्याला आपल्या रेल्वेचा रंग दिला तरी ते आपले इंजिन होत नाही. सांगाड्याची रुंदीच चुकीची राहते. जाणकार गिऱ्हाईक ही गोष्ट पहिल्या नजरेत ओळखते.

पवित्र कुरआनच्या सूरह सबामध्ये हजरत दाऊद अलैहिस्सलाम यांच्यासाठी लोखंड मऊ केल्याचा उल्लेख आहे आणि चिलखत बनवताना कड्यांचे माप नीट राखण्याची ताकीदही तिथेच आहे. धातू मऊ होणे ही देणगी, माप राखणे ही कारागिराची जबाबदारी. आपल्या कारखान्यांत हा दुसरा भाग पुष्कळदा अंदाजावर सोडला जातो.

मजुरीचा हिशेब

आता धंद्याकडे वळू. २०० बाय ३०० मिलिमीटरचा, ०.४ मिलिमीटर जाडीचा पितळी पत्रा साधारण २०० ग्रॅम भरतो. असे दोन पत्रे धरले आणि चौकटीचा भंगार वजा केला तर एका इंजिनात पितळ जेमतेम पाव किलो राहते. वजनावर भाव लावणारा इथे बुडालाच समजा. गिऱ्हाईक पैसे देते ते नकाशाला, क्रमाला आणि तासांना.

उदाहरणादाखल, एका इंजिनाला ६० तास लागले आणि तासाला १५० रुपये धरले तर नुसती मजुरी ९,००० रुपये होते. त्यावर चाके, मोटर, गिअर, झाळ, रंग, वीज आणि बिघडलेल्या भागांचा खर्च. हा आकडा कागदावर नसेल तर गिऱ्हाइकाने ‘पाच हजारात करा’ म्हटल्यावर आपण ‘बरं’ म्हणतो, आणि महिनाअखेरीस बरकत कुठे गेली ते कळत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून तासांची वही ठेवावी. सांगाड्याला किती तास, बॉयलरला किती, धुण्या-पुसण्याला किती. पहिल्या नगावरून भाव ठरवू नये, कारण त्यात शिकण्याचा वेळ असतो. तिसऱ्या नगाचे तास हे खरे तास.

व्यवहार लेखी करावा. उधारी लिहून ठेवण्याची शिकवण सूरह बकरामध्ये स्पष्ट आहे, आणि ती दुकानदाराइतकीच कारागिरालाही लागू आहे. कोणते इंजिन, कोणते प्रमाण, काम कधी देणार, आगाऊ किती, भाग हरवला तर जबाबदारी कोणाची, हे दोघांच्या सहीने ठरावे.

दुसऱ्याचा संच विकत घेऊन त्याची नक्कल कोरून विकणे ही चोरीच आहे, मग ती कोणाला दिसो वा न दिसो. आपला नकाशा आपण काढावा. संग्रहालयात उभ्या असलेल्या इंजिनाची परवानगीने मापे घ्यावीत, छायाचित्रे काढावीत आणि संगणकावर आराखडा करणाऱ्या एखाद्या शिकलेल्या मुलाला कामात भागीदार करावे. हात वडिलांचा आणि नकाशा मुलाचा, अशी जोडी जमली तर घरातला हुन्नर घरातच वाढेल.

सुरुवात लहान असावी. एक साधी मालडब्याची प्रतिकृती, मग चार चाकांचे इंजिन, मग सहा चाकांचे. बाजार मोठा नाही आणि गिऱ्हाईक चोखंदळ आहे, म्हणून चालू धंदा सोडून यात उडी घेऊ नये. ठसेकाम, कल्हई किंवा दुरुस्ती चालू ठेवून रिकाम्या वेळात हे शिकावे. इंजिन विकले गेले नाही तरी नकाशा वाचणे, क्रमाने काम करणे आणि तासांचा हिशेब ठेवणे या तीन गोष्टी हाती राहतील. त्या ज्याच्याकडे आहेत त्याला आपल्या कोणत्याही मालाचा भाव स्वतः सांगता येतो, आणि इन्शाअल्लाह तो मिळतोही.