लाल मोज्यांचा संघ

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत बेसबॉलचा खेळ लोकप्रिय होऊ लागला. दांडूने चेंडू टोलवावयाचा आणि चार तळांची फेरी पुरी करून धाव मिळवावयाची, असा हा खेळ. तो केवळ हौसेने खेळावा, असा त्या काळचा दंडक होता. पैसे घेणारा खेळाडू उद्या पैशासाठी सामनाही विकील, अशी लोकांना भीती वाटे. तरीही विजयाच्या हव्यासाने कित्येक संघ उत्तम खेळाडूंना गुपचूप पैसे देत, किंवा कोठेतरी नावापुरती नोकरी देत. नियम कागदावर राहिला आणि लबाडी वाढली. अखेर १८६९ च्या हंगामापासून उघड वेतनास परवानगी मिळाली.

त्याच वर्षी सिनसिनाटी शहरातील ‘रेड स्टॉकिंग्ज’, म्हणजे ‘लाल मोजे’, या संघाने आपले सर्व खेळाडू उघडपणे पगारावर नेमले. संघनायक होता हॅरी राइट. त्याचा जन्म इंग्लंडातला आणि वडील व्यवसायाने क्रिकेटपटू. खेळावर प्रामाणिकपणे उपजीविका करता येते, हे त्याने घरातच पाहिले होते. दहा खेळाडूंशी १५ मार्च ते १५ नोव्हेंबर असा करार झाला. हॅरीचा धाकटा भाऊ जॉर्ज यास सर्वांत अधिक, म्हणजे १,४०० डॉलर वेतन ठरले. पूर्वेस बोस्टन व न्यूयॉर्क येथे आणि पश्चिमेस, नव्या लोहमार्गाने, सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत हा संघ गेला. त्या वर्षी त्याने एकही सामना गमावला नाही.

१४ जून १८७० रोजी ब्रुकलिन येथे ‘अटलांटिक’ संघाशी त्याची गाठ पडली. नऊ डाव संपले तेव्हा दोहोंच्या पाच-पाच धावा झाल्या होत्या. अटलांटिकच्या खेळाडूंना बरोबरी मान्य होती. ती पत्करली असती, तर राइटच्या संघाची अपराजित कीर्ती कायम राहिली असती. परंतु निकाल लागेपर्यंत खेळ चालू ठेवावा, असा राइटनेच आग्रह धरला. अकराव्या डावात त्याच्या संघाने दोन धावा काढल्या, तर प्रतिस्पर्ध्यांनी तीन. लाल मोज्यांचा संघ ७ विरुद्ध ८ धावांनी हरला.

पुढे प्रेक्षकांची गर्दी ओसरली, पगाराचा भार पेलेना आणि हंगामाच्या अखेरीस संघ मोडला. पण १८७१ मध्ये व्यावसायिक खेळाडूंची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. बोस्टनला गेलेल्या राइटच्या नव्या संघाने १८७२ पासून सलग चार वर्षे तिचे विजेतेपद मिळविले. पगारी खेळाडूच्या सचोटीविषयी शंका घेणाऱ्यांना मात्र त्या अकराव्या डावानेच उत्तर दिले होते.