संगणक नोंद साठवू देत नाही तेव्हा



ऊस काट्यावर आला की काटापावती आपल्या हाती पडते. वजनाचा आकडा काट्याच्या प्रोग्रॅममध्ये राहतो. पण संगणक स्वतःचीही एक रोजनिशी लिहीत असतो. मशीन कधी चालू झाले, आत कोण शिरले, घड्याळ कोणी मागेपुढे केले, हे तिच्यात येते. तिला ‘लॉग’ म्हणतात. पावतीच्या तारखेवेळेबद्दल तक्रार उठली तर हीच रोजनिशी कामी येते. म्हणून तिची प्रत काढून ठेवायची असते.

प्रत साठवताना कधीकधी पडद्यावर ‘ॲक्सेस इज डिनाइड’, म्हणजे परवानगी नाही, असे येते. मशीन बिघडले असे समजू नये. दप्तराला कुलूप आहे, एवढाच त्याचा अर्थ. कुलूप कुठले ते विंडोजच्या उदाहरणाने क्रमाने पाहू.

१) जागा पाहा. ‘विंडोज’ व ‘प्रोग्रॅम फाइल्स’ या फोल्डरांत साध्या वापरकर्त्याला लिहिता येत नाही. प्रतीसाठी वेगळा फोल्डर करावा.

२) माणूस पाहा. ‘सिक्युरिटी’ लॉग साध्या खात्याला दिसतच नाही. २००७ साली व्हिस्टा आल्यापासून व्यवस्थापकाच्या खात्यातूनही प्रोग्रॅम साध्या अधिकारानेच उघडतो. त्यासाठी ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडावे लागते.

३) फोल्डरचा हक्क पाहा. ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘सिक्युरिटी’ उघडले की लिहिण्याचा हक्क कोणाला आहे ते कळते. फोल्डर दुसऱ्या मशीनवर असेल तर दोन कुलपे: एक शेअरचे, एक फोल्डरचे. दोन्ही उघडली तरच काम होते.

४) संदेश नीट वाचा. डिस्क भरली किंवा फाइल दुसरीकडे उघडी असली तर संदेश निराळा असतो आणि उपायही निराळा.

आता महत्त्वाचे. घाईत कोणी म्हणतो, ‘सगळ्यांनाच पूर्ण हक्क देऊन टाका, कटकट मिटली!’ हे करू नये. सगळ्यांना लिहिता आले की सगळ्यांना खोडताही येते. मग त्या प्रतीला पुरावा कोण म्हणेल? ज्याचे काम त्यालाच हक्क द्यावा. काटा चालवणारा आणि प्रत सांभाळणारा वेगळा असलेला बरा.

‘राहू दे, उद्या बघू’ हेही महागात पडते. विंडोजच्या मुख्य लॉगांची नेहमीची मर्यादा सुमारे २० एमबी असते. ती भरली की जुन्यातली जुनी नोंद जाते आणि तिच्या जागी नवी बसते. हंगाम सरल्यावर शोधायला गेलात तर पहिले आठवडे सापडायचे नाहीत. मात्र कोणी ‘सिक्युरिटी’ लॉग मुद्दाम पुसला, तर पुसल्याचीच नोंद ११०२ या क्रमांकाने नव्या पानावर पहिली उमटते. तपासणाऱ्याने तो क्रमांक ध्यानात ठेवावा.

सभासदांनी संगणक शिकलाच पाहिजे असे नाही. पण काट्याच्या मशीनच्या लॉगची प्रत कोण काढतो, किती दिवसांनी काढतो आणि ती कुठे ठेवतो, एवढे वार्षिक सभेत जरूर विचारावे. वजन आपल्या उसाचे, तसे दप्तरही आपलेच आहे.